श्रमाच्या मोलाने विद्या

गरिबाच्या मुलाने महाविद्यालयाचा खर्च भागवावा कसा, हा प्रश्न निपाणीच्या मुलखास चांगलाच परिचित आहे. तंबाखूच्या वखारी आणि विड्यांचा धंदा यांवर येथील कितीतरी संसार उभे राहिले. विड्यांची मजुरी हजारावर मोजली जाते. हात थांबला की मिळकत थांबली. अशा घरचा मुलगा कॉलेजात जावयाचा, तर फीच्या जोडीला त्याची बुडणारी मजुरीही घरास सोसावी लागते.

पूर्वी असा विद्यार्थी माधुकरी मागे, किंवा वार लावून जेवी. त्यात पोट भरे, पण मान खाली जाई. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी निराळी वाट काढली. त्यांचा जन्म १८८७ साली कोल्हापूरकडील कुंभोज येथे झाला. १९१९ मध्ये कऱ्हाडनजीक काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. परंतु त्यागासही सीमा असते. म्हणून मुलांनीच राबून आपले शिक्षण पेलावे, असा परिपाठ पडला. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा ‘कमवा व शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणासही लाभले. शेतात खपणारे हात पदवीस अपात्र ठरत नाहीत, हे तेथे सिद्ध झाले.

अमेरिकेतील केंटकी संस्थानात बेरिया कॉलेज १८९२ पासून शिकवणीची फी घेत नाही. मात्र तेथील प्रत्येक विद्यार्थ्यास आठवड्यास किमान दहा तास काम करावे लागते. १९६४ साली तर अशा अर्धवेळ कामाच्या वेतनास साह्य देण्याची तरतूद त्या देशाने कायद्यानेच केली.

यातील तासांचा हिशेब महत्त्वाचा आहे. रात्रभर राबून सकाळी वर्गात पेंगणारा तरुण कमावतो खरा, पण शिकत नाही. म्हणून काम ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत किंवा कचेरीत, म्हणजे कॉलेजच्या आवारातच असावे. तास बेताचे असावेत. आणि मोबदला रास्त व वेळेवर मिळावा. स्वस्त मजूर मिळविण्याची ती युक्ती ठरता कामा नये.

सीमाभागात या योजनेस आणखी एक अर्थ आहे. १९५६ मध्ये निपाणी तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेली. तिला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद कॉलेज मात्र महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यात आहे. वर्गात जाताना विद्यार्थी राज्याची हद्द ओलांडतो. राज्य सरकारची सवलत मागावयाची, तर रहिवासाचा दाखला पुढे येतो. कष्टाच्या हातास असा दाखला लागत नाही. जे कॉलेज हद्दीपलीकडच्या मुलास चार तास काम व त्याचे योग्य मोल देईल, ते त्याच्या घरच्या चुलीवरचाही भार हलका करील.