मुलांचे 'का?' आणि आपण
(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)





निकालाची टक्केवारी सांगून झाली, बक्षिसेही वाटून झाली. मला ज्या विषयावर बोलायचे आहे त्याला परीक्षेत गुण नाहीत. मुले सारखी प्रश्न विचारतात, त्यातून आपण मोठ्यांनी काय शिकावे, हा तो विषय. "हा दिवसभर 'का, कसे' करून डोके खातो" ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. मला अधिक काळजी वाटते ती डोके न खाणाऱ्या मुलाची.

जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या १९२३ सालच्या पुस्तकात सहा वर्षांच्या एका मुलाच्या प्रश्नांचा अभ्यास आहे. त्याच्याशी नियमित गप्पा मारणाऱ्या बाईंनी सुमारे दहा महिन्यांत त्याचे ११२५ प्रश्न टिपून ठेवले होते. त्यातला एक असा : जिनिव्हाजवळच्या सालेव्ह डोंगराचे मोठा आणि धाकटा असे दोन भाग आहेत, ते का? मोठा माणूस येथे भूगोल सांगू लागेल. पण मुलांनी दिलेले उत्तर वेगळेच होते. मोठा लांबच्या फेरीसाठी, धाकटा जवळच्या फेरीसाठी! या वयाच्या मुलाला जगात काही उगीच घडते असे वाटतच नाही. त्याच्या 'का'मध्ये कारणापेक्षा हेतूचा शोध असतो. म्हणून उत्तर देण्याची घाई करण्याआधी "तुला काय वाटते?" एवढे विचारून पाहावे. मूल कुठवर पोहोचले आहे आणि कुठे अडले आहे, हे शिक्षकाला त्या एका उत्तरातून कळते. चाचणी परीक्षेत ते क्वचितच कळते.

दुसरा अभ्यास लंडनचा. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी चार वर्षांच्या तीस मुलींचे बोलणे घरी आणि बालवर्गात ध्वनिमुद्रित केले व १९८४ साली ते पुस्तकरूपाने मांडले. घरी या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारीत; शाळेत दोन. शिक्षिका कठोर होत्या असे नव्हे. शाळेत प्रश्न बाईंनी विचारायचे असतात, हे त्या चिमुरड्यांनी ओळखले होते. आणि आणखी एक गोष्ट, जी मी आमच्या माता-भगिनींना मुद्दाम सांगतो : यातल्या निम्म्या मुली कामगारांच्या घरच्या होत्या आणि त्यांच्या घरचे संभाषणही भरघोस होते. "मी शिकलेली नाही, मी काय सांगणार? ट्यूशन लावू या," असे म्हणणाऱ्या अम्मीने हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडचाच प्रश्न घ्या. रमजान कधी पावसात, कधी उन्हात, असा का फिरतो? दादी म्हणेल, "माझा पहिला रोजा लावणीच्या दिवसांतला." हे अर्धे उत्तर झाले, आणि ते पाठ्यपुस्तकात नाही. उरलेले अर्धे शिक्षकांनी द्यावे. चंद्राचा महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, बारा महिन्यांचे ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षापेक्षा ११ कमी. मग मुलाला फळ्याजवळ बोलवावे. दरवर्षी ११ दिवस मागे सरकले, तर पुन्हा त्याच ऋतूत यायला किती वर्षे लागतील? ३६५ भागिले ११, म्हणजे सुमारे ३३. पडताळा घरीच आहे : १९८१ साली रमजान जुलैत होता आणि २०१४ साली पुन्हा जुलैत आला. भागाकार, भूगोल आणि दादीची आठवण एका प्रश्नात आली. जेथे वडील मासेमारी करतात त्या घरी हाच चंद्र भरतीच्या वेळेतून भेटतो. भरती रोज पाऊणेक तास उशिरा का येते, हे विचारणाऱ्या पोराला अब्बा निदान वेळेचा हिशोब चोख सांगतील.

आमच्या वर्गांत आणखी एक अडचण असते, भाषेची. घरी कोकणी किंवा उर्दू, वर्गात पुस्तकी मराठी. मूल प्रश्न जुळवीत असते तोवर तास पुढे गेलेला असतो. चुकीचा शब्द गेला तर वर्ग हसतो. असे मूल पुन्हा हात वर करीत नाही आणि प्रगतिपुस्तकावर 'शांत स्वभाव' असा शेरा मिळवते! शिक्षकांना माझी विनंती आहे की प्रश्न घरच्या बोलीत येऊ द्यावा. मराठी नंतर सुधारता येते.

आता एक अवघड प्रश्न. चंद्राबद्दल कौतुकाने बोलणाऱ्या घरातच, दहावी झालेली मुलगी विचारते, "मला पुढे का पाठवीत नाही?" येथे मात्र "मोठ्यांना उलट विचारू नये" असे उत्तर मिळते. पालकहो, तिला खरे कारण सांगा. कधी ते पैशाचे असते, कधी लोक काय म्हणतील याचे. पुष्कळदा ते एवढेच असते की कॉलेज सुटल्यावर गावी येणारी एस.टी. अंधार पडल्यावर पोहोचते. कारण उघड बोलले गेले तर पहिल्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो आणि दुसऱ्याबद्दल घरात निदान वाद तरी होतो. तिसऱ्यासाठी आगारप्रमुखांकडे पालकांच्या सह्यांचे निवेदन न्यावे लागेल. ते काम संस्थेचे आहे, आणि अध्यक्षसाहेब येथेच बसलेले आहेत.