सहा मिनिटांसाठी सहा तास

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जिवती येथे केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. मी त्यांना फोन करून सांगितले की हा विषय आता मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. बोलायचेच असेल तर आमच्या कॉलेजच्या फ्लाइंग क्लबवर बोलते. त्यावर पलीकडून विचारणा झाली, ‘म्हणजे तू पायलट पण आहेस काय?’ नाही. माझी एकूण अकरा उड्डाणे झाली, सगळी प्रशिक्षकाच्या सोबतीने. सगळी मिळून वेळ भरला एक तास चार मिनिटे. तेवढ्या भांडवलावर मी आज बोलणार आहे.

१९९८ साली मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. फ्लाइंग क्लब म्हटल्यावर विमाने, हँगर असे काही डोळ्यांपुढे आणू नका. क्लबकडे स्वतःचे म्हणावे असे एक कपाट होते. त्यात थर्मोकोल, बांबूच्या कामट्या, सोल्युशनच्या बाटल्या आणि एक नोंदवही. मॉडेल विमानांना बाल्सा नावाचे हलके लाकूड लागते, ते आम्हाला परवडायचे नाही. मी दिवाळीच्या सुटीनंतर इकडून बांबूच्या कामट्या नेल्या, तेव्हा क्लबमध्ये माझा भाव एकदम वाढला. चंद्रपूरचा बांबू म्हणजे काय चीज आहे हे पुण्याच्या मुलांना तेव्हा कळले.

शनिवारी आम्ही बसून वाद घालायचो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले का, हा वाद दरवर्षी नव्या मुलांबरोबर नव्याने व्हायचा. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी १९७४ मध्ये ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली विमाने तपासली आणि ती उडणे शक्य नाही असा निष्कर्ष काढला, हे मला तिथेच कळले. काही जण तरी चिडायचेच. मला विचाराल तर अभिमान बाळगायला आपल्याकडे नोंद असलेली माणसे पुष्कळ आहेत. १९८५ साली सगळ्या महिला कर्मचारी असलेले प्रवासी विमान कलकत्त्याहून सिल्चरला गेले, त्याच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख होत्या. मला हे नाव शाळेत असताना कळले असते तर बरे झाले असते.

क्लबची खरी सहल म्हणजे हडपसर. तिथे सरकारी ग्लायडिंग सेंटर होते. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असते, म्हणजे मोठे रहाट समजा, मोटारीच्या इंजिनवर फिरणारे. त्याची लांब तार ग्लायडरच्या पोटाला अडकवतात. विंच तार गुंडाळायला लागले की ग्लायडर जमिनीवरून धावते आणि पतंगासारखे वर चढते. साधारण हजार फुटांवर वैमानिक तार सोडतो. त्यानंतर कानात फक्त वाऱ्याचा आवाज. वर जाणारी हवा सापडली नाही तर पाच-सहा मिनिटांत तुम्ही परत खाली.

या पाच-सहा मिनिटांसाठी आम्ही सकाळी सहाला पीएमटीच्या बसने निघायचो आणि दुपारी परतायचो. मधल्या वेळात काम. पंखाचे टोक हातात धरून ग्लायडर आडवे समतोल ठेवायचे आणि ते सुटले की त्याच्याबरोबर चार पावले पळायचे. उतरलेले ग्लायडर ढकलत परत आणायचे. जमिनीवर पडलेली तार ओढून आणायची. धावपट्टीवर गाय आली तर ती हाकायची, आणि या कामात मी निःसंशय सर्वांत तरबेज होते. कोण किती वाजता उडाले, किती वाजता उतरले, हे वहीत लिहायचे.

सरकारी असल्यामुळे फी कमी होती, तरी माझ्यासाठी ती कमी नव्हती. मग आमच्या सिनिअरनी एक पद्धत पाडली. ज्याला पैसे देता येत नाहीत त्याने मैदानावरचे काम जास्त करायचे, आणि इतरांच्या वर्गणीतून त्याला महिनाआड एक उड्डाण. हे कुणी कुणाला ऐकवले नाही. माझ्या अकरापैकी आठ उड्डाणे अशी झाली.

पहिल्या वेळी माझे वजन बेचाळीस किलो भरले. पुढच्या सीटवर तेवढे वजन पुरत नाही, ग्लायडरचा तोल बिघडतो. म्हणून माझ्याबरोबर वजनाच्या पिशव्या ठेवल्या. ओढणी काढून ठेवायला लावली, कारण मोकळे कापड दांड्यात अडकू शकते. प्रशिक्षकांनी समोरच्या काचेवर चिकटवलेला लोकरीचा एक दोरा दाखवला. तो सरळ मागे उडत असेल तर ग्लायडर नीट चालले आहे, एका बाजूला झुकला तर ते तिरके चालले आहे. हजारो रुपयांच्या यंत्रांच्या शेजारी वीतभर लोकर, आणि सगळ्यांचा भरवसा लोकरीवर.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला मी मुद्दाम इथपर्यंत आले.

उडण्यापूर्वी पालकांचे संमतीपत्र लागत असे. कॉलेजचा छापील फॉर्म होता, इंग्रजीत. इजा झाल्यास किंवा मृत्यू झाल्यास कॉलेज जबाबदार राहणार नाही, असे त्यात स्पष्ट होते. मी तो पोस्टाने घरी पाठवला. माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात अहमदपूरकडून या पहाडावर आले. त्यांना सही येत होती, वाचन नव्हते. ते फॉर्म घेऊन आपल्या गणिताच्या सरांकडे गेले. सर आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांनी खालीवर केले तर दुरुस्त करावे. सरांनी सगळा फॉर्म मराठीत करून सांगितला आणि मृत्यूचे वाक्य गाळले नाही. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘त्याला इंजन नाही म्हणता, मग ते वर राहतं कशानं?’ सरांनी त्यांना बाहेर आणले. मार्चची दुपार होती, नांगरलेल्या काळ्या रानावर एक घार पंख न हलवता गोल गोल वर चालली होती. सर म्हणाले, ‘हिच्यासारखं.’ वडील म्हणाले, ‘हिला कुणी शिकवलं नाही. माझ्या लेकराला शिकवणारा कोणी हाय का तिथं?’ सर म्हणाले, ‘आहे.’ मग सही झाली.

हे मला वडिलांनी सांगितले नाही. ते गेल्यानंतर सरांनी सांगितले.

त्या घारीचे शास्त्र मला पुढे हडपसरला समजले. ऊन एकसारखे पडले तरी जमीन एकसारखी तापत नाही. काळे नांगरलेले रान लवकर तापते, जंगल आणि तळे उशिरा. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि घार त्या खांबात गिरक्या घेत चढते. वावटळ म्हणजे त्याच खांबाचे जमिनीवर दिसणारे मूळ. दुसरा प्रकार आपल्या पहाडाचा. वारा डोंगराच्या उतारावर आदळतो आणि त्याला वर चढावेच लागते. गडचांदूरहून घाट चढताना माणिकगडाच्या बाजूला पक्षी तरंगताना आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, ते या हवेवर असतात. सिमेंट कारखान्याच्या चिमणीचा धूर कुठे वाकतो ते पाहून वाऱ्याची दिशा सांगणे हा तर आपला बसस्टँडवरचा उद्योग होता. वैमानिकही धूर बघून वाऱ्याची दिशा ठरवतात. नवव्या उड्डाणात आम्हाला असा खांब सापडला आणि आम्ही एकोणीस मिनिटे वर राहिलो. प्रशिक्षकांच्याही आधी मला खाली फिरणारी घार दिसली होती.

बाकीच्या सहली थोडक्यात सांगते. कामशेतला लोकलने जायचो, पॅराग्लायडिंग बघायला आणि जमिनीवर छत्री सांभाळायला शिकायला. फेब्रुवारी २००१ मध्ये बंगळूरला येलहंकाचा एअरो इंडिया पाहिला. ४ जानेवारीला एलसीएचे पहिले उड्डाण झालेले होते, आणि आम्ही रेल्वेच्या जनरल डब्यात रात्रभर त्यावरच बोलत होतो.

२००२ मध्ये, आम्ही शेवटच्या वर्षाला असताना, एका मुलाचा सरावात घोटा मोडला आणि कॉलेजने बाहेरच्या सगळ्या सहली बंद केल्या. घोटा दीड महिन्यात बरा झाला, क्लब झाला नाही. आम्ही पत्रे दिली, भेटलो, उपयोग झाला नाही. ते कपाट नंतर कुणी नेले ठाऊक नाही. नोंदवही माझ्याकडे आहे. तिच्यातल्या वेळांची बेरीज आपोआप व्हावी म्हणून मी सी भाषेत पहिला कामाचा प्रोग्रॅम लिहिला. आज मी विमानाचे सॉफ्टवेअर लिहीत नाही, कर्जाचे हप्ते मोजणारे लिहिते. पण नवे काही चालू करण्यापूर्वी आमच्या टीममध्ये यादी मोठ्याने वाचली जाते आणि प्रत्येक ओळीला कुणीतरी ‘हो’ म्हणते. ती सवय हडपसरची. नवीन मुले हसतात. एक-दोनदा यादीनेच त्यांना वाचवले, तेव्हापासून कमी हसतात.

आता कामाचे. आपल्या वेळी विमान म्हणजे आकाशातली पांढरी रेघ होती. आता चंद्रपूरजवळ मोरव्याच्या धावपट्टीवर नागपूर फ्लाइंग क्लबची प्रशिक्षणाची विमाने उडतात. इथून सकाळी निघाले तर दुपारपर्यंत बघून परत येता येते. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीतून भिंतीवर नावांची फरशी बसवायची असे ठरत होते. माझा त्याला विरोध नाही, पण आधी नववीच्या मुलामुलींना मोरव्याला नेऊ या. विमानात बसवणे आपल्या हातात नाही. कुंपणाजवळून पाहणे, शिकवणाऱ्याशी आणि शिकणाऱ्याशी बोलणे, एवढे परवानगी काढून होईल. परवानगीच्या पत्रव्यवहाराचे काम मी घेते. गाडीचे आपल्या दोघा मित्रांनी कालच कबूल केले आहे, आता ते मागे फिरू शकत नाहीत, कारण मी माईकवर सांगितले.

संमतीपत्र मी मराठीत लिहून आणले आहे, एका पानाचे, आणि त्यात धोक्याचे वाक्य आहे. गुड्यांवरच्या पालकांना ते कोलामीत आणि गोंडीत समजावून सांगावे लागेल, तांड्यांवर गोरमाटीत. कोलामीचे काम आपल्या वर्गातल्या ज्या मैत्रिणीने घेतले आहे ती मागे उभी राहून मला आटपायची खूण करते आहे. गोंडी आणि गोरमाटीसाठी अजून कोणी नाव दिलेले नाही. जेवणाच्या वेळी मी वही घेऊन दाराशी बसते, तिथे द्या.