शाळेच्या कार्यशाळेचे दार उघडे राहावे म्हणून



अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, सोयगाव तालुक्यात वसलेले फर्दापूर हे लेण्यांचे प्रवेशद्वार होय. लेणी पाहण्यास येणाऱ्यांची खाजगी वाहने येथील तिठ्याजवळ थांबतात व पुढील प्रवास एस. टी.च्या गाडीने होतो. १९८३ साली अजिंठ्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. तिठ्यावर उतरणाऱ्या प्रवाशाला निवास हवा असतो, स्वच्छ भोजन हवे असते, त्याच्या भाषेत माहिती सांगणारा हवा असतो आणि प्रसंगी बिघडलेले वाहन दुरुस्त करणारा कारागीरही हवा असतो. परिसरातील कापसाच्या शेतात पाण्याचा पंप आहे, ठिबकच्या नळ्या आहेत, फवारणीचे यंत्र आहे. थोडक्यात, कामाला येथे तोटा नाही. असे असूनही दहावीतील मुलाने वा मुलीने ह्यांपैकी कोणते काम शाळेत शिकावे, ह्या प्रश्नाचे उत्तर सहजी देता येत नाही. फर्दापूरची ही अडचण महाराष्ट्रातील शेकडो गावांची अडचण आहे.

शालेय शिक्षणाला व्यवसायाची जोड द्यावी, हा विचार नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. मुदलियार आयोगाने १९५३ साली बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. कोठारी आयोगाने १९६६ साली ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला आणि दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्मे विद्यार्थी १९८६ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक स्तरासाठी १९९५ पर्यंत पंचवीस टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले. १९९२ साली त्याची मुदत २००० पर्यंत वाढवण्यात आली. २०२० च्या धोरणाने शालेय व उच्च शिक्षण मिळून किमान निम्म्या विद्यार्थ्यांना २०२५ पर्यंत व्यवसायशिक्षणाचा परिचय घडावा असे म्हटले. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे असे नमूद आहे की, १९ ते २४ वयोगटातील कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी तरुणांना औपचारिक व्यवसायशिक्षण मिळाले होते. उद्दिष्टे पुढे सरकत राहिली. हेतू मात्र कोणीही कधी अमान्य केला नाही. मग अडते कोठे?

पहिली अडचण शिक्षकाची. भूगोलाचा शिक्षक पुस्तकाच्या आधारे वर्ग सांभाळू शकतो. परंतु मोटारीचे वाइंडिंग शिकविणाऱ्याचा हात त्या तारेवर फिरलेला असावा लागतो. असा हात ज्याच्याजवळ आहे, त्याच्याजवळ बहुधा पदवी नसते. आणि पदवीधराजवळ तो हात नसतो. समग्र शिक्षा योजनेखालील व्यवसाय-प्रशिक्षक पुष्कळदा प्रशिक्षणसंस्थेमार्फत कराराने नेमले जातात. करार संपला की नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून जम बसवावा लागतो.

दुसरी अडचण साहित्याची व वेळेची. यंत्र एकदा खरेदी होते, पण वेल्डिंगचे रॉड, तार, ऑइल, पीठ आणि भाजी दर आठवड्याला लागतात. ह्या किरकोळ खर्चाची तरतूद वेळेवर झाली नाही तर चांगले यंत्रही कुलपात राहते. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत हत्यारे बाहेर काढून परत ठेवण्यातच निम्मा वेळ जातो.

तिसरी अडचण अधिक खोल आहे, ती प्रतिष्ठेची. हुशार मुलाने विज्ञान शाखेकडे जावे आणि मागे पडलेल्याने हातकाम शिकावे, हा समज घराघरांत रुजलेला आहे. मुलींना शिवण आणि मुलांना यंत्र, ही वाटणीही त्याच समजातून आली. व्यवसाय-विषय घेतला तर पुढील शिक्षणाची वाट बंद होईल, अशी धास्ती पालकांना वाटते. ती निव्वळ गैरसमज म्हणून झटकून टाकता येणार नाही. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला, तो एका स्तरावरून दुसऱ्या स्तरावर जाण्याची वाट खुली करण्यासाठीच. ही वाट कागदावर आहे तशी तालुक्याच्या गावीही दिसली पाहिजे.

ह्या अडचणींतून मार्ग निघू शकतो, हे पुणे जिल्ह्यातील पाबळने दाखविले आहे. डॉ. कलबाग ह्यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाला द्यावा, अशी त्यांची योजना होती. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन अशा चारही क्षेत्रांतील काम मुलगे व मुली मिळून शिकू लागले. शिकविण्यास गावातील कुशल कारागिरांना बोलावण्यात आले. विद्यार्थ्यांनी गावाला उपयोगी वस्तू व सेवा पुरवाव्यात आणि त्यांचे मोल घ्यावे, असाही दंडक होता. गिऱ्हाईक पैसे मोजते तेव्हा कामातील उणीव लपत नाही, हा त्यातील मोठा धडा. राज्याच्या परीक्षा मंडळानेही ह्या अभ्यासक्रमाला मान्यता दिली.

फर्दापूरला ह्यापासून बरेच घेण्यासारखे आहे. येथील शाळेचा व्यवसाय-विषय येथील तिठ्याने आणि शिवाराने ठरवावा. पर्यटन व आतिथ्य, पंप व विद्युत दुरुस्ती, फळे-भाज्यांवरील प्रक्रिया ह्यांपैकी एखादाच विषय घ्यावा, परंतु तो नीट चालवावा. तासिका जोडून आठवड्याचा अर्धा दिवस सलग द्यावा. गावातील मिस्त्री, आचारी व अनुभवी मार्गदर्शक ह्यांना मानधन देऊन सन्मानाने वर्गात आणावे. व्यवस्थापन समितीने कच्च्या मालाचा हिशेब दरमहा पाहावा. शिकून गेलेली मुले पुढे काय करतात, ह्याची नोंद शाळेने किमान तीन वर्षे ठेवावी. निकालाच्या टक्केवारीपेक्षा ती नोंद अधिक बोलकी ठरेल.

शेजारच्या डोंगरात ज्यांनी कातळ कोरला, त्यावर माती, कोंडा व वनस्पतींचे तंतू ह्यांचा गिलावा चढविला आणि रंग भरले, त्यांच्या हाताला बुद्धीची व बुद्धीला हाताची साथ होती. हात आणि बुद्धी ह्यांची फारकत नंतरच्या शिक्षणाने केली. ती दूर करण्याचे काम एका धोरणाने किंवा एका अनुदानाने होणारे नव्हे. कार्यशाळेचे कुलूप दर आठवड्याला ठरल्या दिवशी उघडावे, आत शिकविणारा असावा आणि त्याच्यासमोर आपली मुलगीही उभी असावी, एवढा आग्रह पालकांनी व शिक्षकांनी मिळून धरला, तर त्या कामाला आजही आरंभ करता येईल.