टाकीच्या तळाशी बसणारं मेण

29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. हिवाळी डिझेलने 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे, एवढीच आपल्या मानकाची किमान अट आहे. तेव्हा खाणीबाहेर रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रकच्या टाकीत काय होत असेल, हा प्रश्न एकट्या लडाखचा नाही, आपल्या चिखल्याच्या खाणीचाही आहे.

डिझेलमध्ये मेण विरघळलेलं असतंच. लांब, सरळ साखळीचे हे हायड्रोकार्बन इंजिनात छान पेट घेतात, त्यामुळे ते सगळे काढून टाकणं इष्टही नसतं. तेल गार झालं की त्यांचे पातळ, चपटे स्फटिक बनतात आणि एकमेकांत अडकतात. एखाद-दोन टक्के मेण बाहेर पडलं तरी सगळं तेल थिजू शकतं.

यावर इथिलीन-व्हिनाइल अ‍ॅसिटेटसारखं बहुवारिक घालतात, दहा लाख भागांत काहीशे भाग. त्याच्या रेणूचा मेणाशी जुळणारा भाग स्फटिकात शिरतो आणि अ‍ॅसिटेटचा भाग पुढच्या मेणाची वाट अडवतो. मेण तेवढंच बाहेर पडतं, पण मोठ्या चकत्यांऐवजी असंख्य बारीक स्फटिक होतात. फिल्टरवर त्यांचा थर बसला तरी तेल त्यातून पाझरतं. मुंबई हायचं मेणयुक्त कच्चं तेल समुद्राखालच्या नळातून उरणला आणतानाही अशाच जातीची रसायनं वापरतात.

खरी अडचण मला पुढची वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. हे सुटे स्फटिक डिझेलपेक्षा जड असतात. गाडी दोन-चार थंड रात्री उभी राहिली की ते हळूहळू तळाला बसतात. वरचं तेल स्वच्छ दिसतं. तळाशी मात्र मेणाचा साका, आणि इंजिनाला तेल जातं ते तळाजवळूनच. प्रयोगशाळेतली फिल्टरची चाचणी थोड्या वेळात संपते, त्यामुळे ती उत्तीर्ण झालेलं तेलही टाकीत दगा देऊ शकतं.

खाणीतलं पाणी साठवलं की भरड कण आधी बसतात, बारीक गाळ मात्र दिवसचे दिवस तरंगत राहतो, हे तुम्ही पाहिलेलं आहे. स्टोक्सने 1851 साली त्याचा नियम मांडला: बसण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. व्यास दहावा हिस्सा केला की वेग शंभरावा हिस्सा. म्हणून पहिल्या रसायनाच्या जोडीला नायट्रोजनयुक्त, ध्रुवीय असं दुसरं द्रव्य घालतात. त्याने स्फटिक आणखी बारीक होतात आणि तेलात विखुरलेले राहतात.

चालकांसाठी यातली एकच गोष्ट आवर्जून सांगतो. ही द्रव्यं स्फटिक घडताना काम करतात. घडलेलं मेण ती विरघळवत नाहीत. म्हणून ती घालायची असतील तर डिझेल उबदार आणि नितळ असतानाच घाला. तेल एकदा गढूळलं की आधी ते ऊब देऊन पुन्हा नितळ करावं लागतं, नीट ढवळावं लागतं, आणि मगच द्रव्याचा उपयोग.