घरातील अडगळ आणि मनाचे स्वास्थ्य

मराठी घरात अडगळीला पूर्वी एक ठरलेली जागा असे. माळ्यावर, जिन्याखाली किंवा परसातल्या खोपटात ती निमूटपणे पडून राही. मोडका पाळणा, कान तुटलेली कढई, काच फुटलेला कंदील ही मंडळी तेथे नांदत. आज दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात माळा लहान आणि जिना सामाईक. त्यामुळे अडगळ खाली उतरून पलंगाखाली, खुर्च्यांवर आणि जेवणाच्या टेबलावर येऊन बसली आहे. तिचा उपद्रव केवळ घराच्या शोभेला होतो, की घरात राहणाऱ्यांच्या मनालाही होतो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

या बाबतीत अमेरिकेत झालेले एक संशोधन उद्बोधक आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००१ पासून पुढील काही वर्षांत ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांची घरे तपासली. उत्खननातील खापरांची नोंद व्हावी तशी त्यांनी घरातील वस्तूंची नोंद केली. पहिल्याच घराच्या तीन खोल्यांत नुसत्या नजरेस पडणाऱ्या वस्तू २,२६० भरल्या; कपाटांत आणि खणांत दडलेल्या निराळ्याच. बहुतेक घरांच्या गॅरेजांत सामान इतके साठले होते, की मोटारीलाच तेथे जागा उरली नव्हती.

याच प्रकल्पातील पतिपत्नींविषयीचा एक निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आपले घर फिरून दाखवावे आणि त्याचे वर्णन आपल्या शब्दांत करावे, असे त्यांना सांगण्यात आले होते. शिवाय लाळेतील कॉर्टिसॉल या द्रव्याचे प्रमाण काही दिवस मोजण्यात आले. शरीरावरील ताणाशी निगडित असलेले हे द्रव्य सकाळी अधिक असते आणि संध्याकाळपर्यंत उतरत जाते. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसाऱ्याचा आणि अपुऱ्या कामांचा उल्लेख वारंवार आला, त्यांच्यात हा उतार मंद आढळला आणि दिवस सरता सरता त्यांची खिन्नताही वाढलेली दिसली. पुरुषांत मात्र असा संबंध ठळकपणे दिसला नाही. पसाऱ्यामुळेच ताण येतो, की ताणलेल्या मनाला पसारा अधिक जाणवतो, हे एवढ्यावरून ठरत नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घर सर्वांचे असले, तरी ते आवरण्याचे ओझे जिच्या माथी मारलेले असते, तिलाच पसारा बोचतो. इतरांना जी नुसती खुर्चीवरची कपड्यांची रास, ती गृहिणीला उरलेले काम म्हणून दिसते.

अडगळ म्हणजे केवळ आळस नव्हे. ती बहुधा लांबणीवर टाकलेल्या निर्णयांची रास असते. घड्याळ दुरुस्त करावयाचे की टाकावयाचे? मुलांच्या जुन्या वह्या ठेवाव्या की रद्दीत द्याव्या? दिवंगत वडिलांचा कोट कोणाला द्यावा? उत्तर मिळेपर्यंत वस्तू तेथेच राहते आणि येता-जाता तोच प्रश्न विचारीत राहते.

पूर्वीच्या घरांत वस्तू बाहेर जाण्याच्याही वाटा होत्या. जुने कपडे घेऊन बोहारीण भांडे देई, जीर्ण लुगड्यांची गोधडी होई, कल्हईवाला भांड्यांना पुन्हा उजाळा आणी, आणि दिवाळीपूर्वीच्या झाडलोटीत माळा एकदा तरी उघडला जाई. आज वस्तू घरात येण्याचा मार्ग प्रशस्त झाला आहे आणि बाहेर जाण्याचा चिंचोळा.

साठवण विकोपाला गेली म्हणजे काय होते, याचे दारुण उदाहरण न्यूयॉर्कमधील कॉलियर बंधूंचे आहे. १९४७ साली त्यांच्या घरातून शंभर टनांहून अधिक सामान बाहेर काढावे लागले. धाकटा लँगली ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता आणि त्याच्यावर अवलंबून असलेला आंधळा थोरला होमर अन्नावाचून मेला होता. अशा अनावर साठवणीला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्वतंत्र मनोविकार म्हणून मान्यता दिली. अशा माणसाला हिणवून किंवा त्याच्या पश्चात घर रिकामे करून गुण येत नाही. त्याला उपचारांची आणि धीराची गरज असते.

सामान्य घरांचे दुखणे एवढे मोठे नसते. त्यांचा उपायही साधा आहे. सारे घर एका दिवसात आवरण्याचा घाट घालू नये. आज एक खण, उद्या एक फळी, एवढे पुरे. वृद्धांच्या वस्तूंना त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये. इतरांना जी अडगळ, ती त्यांना आठवणींची ठेव असू शकते. मात्र त्यांच्या चालण्याच्या वाटेत काही ठेवू नये, कारण एका ठेचेने त्यांना अंथरूण धरावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याची वस्तू, त्याने ती जागेवर ठेवावी. एवढा एक नियम घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी पाळला, तर संध्याकाळी गृहिणीला घडीभर स्वस्थ बसता येईल.