वायमारमधला ओला दिवस

जर्मनीत चाकांवरचे घर भाड्याने मिळते. ते लोक त्याला ‘वोनमोबील’ म्हणतात, आपण कॅम्परव्हॅन म्हणू. आत झोपायची सोय, गॅसची शेगडी, एवढेसे बेसिन, कपाटाएवढे न्हाणीघर. ड्रायव्हरची खुर्ची मागे वळवली की झाली बैठकीची खोली! गेल्या सप्टेंबरात माझ्या भाच्याने अशी गाडी आठ दिवसांसाठी घेतली. तो आणि त्याची बायको तिकडे नोकरी करतात. मी आणि माझी पत्नी त्यांचे पाहुणे. मुक्कामाचे तळ ठरलेले असतात. तिथे पिण्याचे पाणी भरून घ्यायचे, सांडपाणी सोडायचे आणि संडासाची पेटी आपल्या हाताने रिकामी करायची. हे शेवटचे काम भाचा मला करू देईना. “मामू, तुम्ही कविता करा,” म्हणायचा.

ऊन असेल तर हा प्रवास मोठा मजेचा. पाऊस लागला की मात्र त्या डब्यात चार माणसे, चार छत्र्या आणि आठ ओले बूट. एकाने उठायचे तर तिघांनी पाय वर घ्यायचे. काचा आतून वाफाळलेल्या. वायमारला पोहोचलो त्या रात्री टपावर पाऊस वाजू लागला. आपल्या आषाढासारखा धो धो नव्हे. बारीक, गार आणि चिवट. सकाळी भाच्याने पडदा सारला आणि घरच्या बोलीत निकाल दिला, “मामू, आज भिगनाइच पडेगा.”

वायमार हे जेमतेम पासष्ट हजार वस्तीचे शहर. पण कवितेच्या नकाशावर फार मोठे. महाकवी गटे १७७५ साली इथे आला आणि १८३२ साली इथेच वारला. नाट्यगृहासमोर गटे आणि शिलर यांचा जोडपुतळा आहे. शिलर प्रत्यक्षात चांगलाच उंच होता, पण शिल्पकाराने दोघांना एकाच उंचीचे केले. मला ते आवडले. याच नाट्यगृहात १९१९ साली जर्मनीच्या पहिल्या प्रजासत्ताकाची घटना मंजूर झाली. पुतळ्यावरून पाणी ओघळत होते, आम्ही छत्री सावरत फोटो काढला आणि निवारा शोधत ग्रंथालयाकडे वळलो.

ॲना अमालिया ग्रंथालय हे डचेसच्या नावाचे. गटेने पस्तीस वर्षे त्याची देखरेख केली. आत जाताना ओल्या बुटांवर नमद्याच्या मोठाल्या सपाता चढवाव्या लागतात. माझी पत्नी त्या घालून लाकडी जमिनीवर घसरत चालली आणि सकाळपासून प्रथमच हसली. दालन पांढरे-सोनेरी, अंडाकृती, वरच्या सज्जापर्यंत पुस्तकेच पुस्तके. इतके नीटनेटके, की काही घडले असेल असे वाटू नये. पण २ सप्टेंबर २००४ च्या रात्री इथे आग लागली. सुमारे पन्नास हजार ग्रंथ जळाले, बासष्ट हजारांना आगीचा किंवा पाण्याचा मार बसला. थोड्याच आठवड्यांत ती पुस्तके नव्या भांडारात हलवायची होती! गावकऱ्यांनी साखळी करून हातोहात पुस्तके बाहेर काढली. ल्यूथरचे १५३४ सालचे बायबल खुद्द ग्रंथालयाच्या संचालकांनी आत शिरून आणले. भिजलेली पुस्तके आधी गोठवली, मग लाइपझिगला नेऊन वाळवली. २००७ मध्ये दालन पुन्हा उघडले. कडा जळलेल्या पानांना कागदाचा लगदा लावून ती जोडण्याचे काम त्यानंतरही वर्षानुवर्षे चालले. ज्याच्या घरात पुस्तकांना वाळवी लागली आहे, त्याला हे ऐकून काय वाटते ते मी सांगायला नको.

दुपारी पाऊस थोडा हलका झाला. बाजारात थुरिंगियाचे प्रसिद्ध सॉसेज भाजत होते. वास सगळ्या चौकात. ते आम्हाला चालणारे नव्हते. आम्ही आलुबुखाराचा केक घेतला आणि एका दाराच्या आडोशाला उभ्याने खाल्ला.

मला वायमारला ओढून आणले होते ते दोन खुर्च्यांनी. बेथोव्हनप्लाट्झ नावाच्या चौकात, झाडांजवळ, ग्रॅनाइटच्या दोन प्रचंड खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आहेत. एकाच शिळेतून कापलेल्या. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. कोणी बसलेले नाही. एक खुर्ची शिराझच्या हाफिजची, दुसरी गटेची. इराणचे तेव्हाचे अध्यक्ष खातमी आणि जर्मनीचे अध्यक्ष राऊ यांनी जुलै २००० मध्ये मिळून या स्मारकाचे अनावरण केले. दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये, जमिनीवर, हाफिजची गझल फार्सी अक्षरांत आहे.

आपण शाळेत ऐकलेले असते, की गटे ‘शाकुंतल’ डोक्यावर घेऊन नाचला. नाचण्याचे सोडा; पण ‘फाउस्ट’च्या आरंभीचा नाट्यगृहातला प्रवेश शाकुंतलाच्या प्रस्तावनेवरून सुचला, असे अभ्यासक मानतात. हाफिज त्याला भेटला त्यानंतर कितीतरी वर्षांनी. १८१४ साली, पासष्टीच्या उंबरठ्यावर, त्याच्या हाती हामर याने केलेला हाफिजचा जर्मन अनुवाद पडला. चार शतकांपूर्वीचा, परक्या धर्माचा, परक्या भाषेचा कवी. पण गटेने त्याला जुळा भाऊ मानले. म्हाताऱ्याने त्या वयात अरबी लिपी गिरवली. ते गिरवलेले कागद आजही जपून ठेवलेले आहेत. १८१९ साली ‘दीवान’ प्रसिद्ध झाला. आपल्याकडे माधव ज्यूलियनांनी फार्सी शिकून-शिकवून गझल मराठीत आणली, तेव्हा त्यांनाही कोणी धर्म विचारून अडवले नव्हते. मी मराठीत लिहितो म्हटल्यावर आजही लोक कौतुकाने म्हणतात, “अरे वा, तुमचे मराठी छान आहे!” त्यांना काय सांगणार? हाफिजच्या खुर्चीच्या बैठकीवर पाणी साचले होते, पिवळी पाने तरंगत होती. मी खिशातल्या रुमालाने थोडे पुसले. लगेच पुन्हा भरले.

भाचा म्हणाला, “आता बुखेनवाल्ड. सहा नंबरची बस जाते.”

पत्नी म्हणाली, “पावसात कशाला?” पण आली.

वायमारपासून आठ किलोमीटरवर एटर्सबेर्ग नावाची टेकडी आहे. गटे तिथे फिरायला जायचा. १९३७ साली नाझींनी तिथे छळछावणी उभारली. तिला आधी टेकडीचेच नाव द्यायचे होते. वायमारच्या नाझी संस्कृतिरक्षकांनी हरकत घेतली. हरकत छावणीला नव्हती, नावाला होती! एटर्सबेर्ग हे नाव गटेशी जोडलेले, ते विटाळू नये म्हणून. मग ‘बुखेनवाल्ड’, म्हणजे बीच वृक्षांचे रान, हे निरुपद्रवी नाव सापडले. १९४५ पर्यंत तिथे सुमारे छप्पन्न हजार माणसे मेली. जंगल तोडताना ओकचे एक जुने झाड मात्र राखले. कैदी त्याला गटेचा ओक म्हणत. १९४४ च्या बाँबहल्ल्यात ते जळाले, आता बुंधा उरला आहे. मी बुंध्याजवळ उभा होतो. कवीचे नाव सांभाळले, कवीचे झाडही सांभाळले.

फाटकावर लोखंडी अक्षरे आहेत, ‘ज्याचे त्याला’ अशा अर्थाची. वाचता येतात ती आतून, म्हणजे कैद्याला. ती आखली फ्रांझ एर्लिख नावाच्या कैद्याने, जो बाउहाउसचा विद्यार्थी. नाझींना न रुचणाऱ्या त्या कलाशाळेच्या वळणाची अक्षरे त्याने त्यांच्याच फाटकावर बसवली आणि त्यांच्या ते लक्षात आले नाही, असे सांगतात. बाउहाउसची सुरुवातही १९१९ साली वायमारचीच. छावणी सुटल्यावर, एप्रिल १९४५ मध्ये, अमेरिकन सैन्याने वायमारच्या सुमारे हजार नागरिकांना टेकडी चढायला लावून हे सारे दाखवले.

आत मोकळे मैदान आहे. बराकी राहिल्या नाहीत, त्यांच्या जागी काळ्या खडीचे चौकोन. पाऊस पुन्हा वाढला होता. मैदानात एक धातूची पाटी जमिनीत बसवली आहे. तिच्यावर पन्नासहून अधिक देशांची, समूहांची नावे आहेत. १९९५ पासून ती पाटी सदतीस अंशांवर राखली जाते, म्हणजे जिवंत माणसाच्या अंगाइतकी गरम. हिवाळ्यात बर्फ पडले तरी तिच्यावर टिकत नाही.

मी वाकून हात लावला. ओली होती, पण कोमट. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवलेला हात आठवला. नव्हे, निरोगी लेकराच्या. भाच्याची बायको रडत होती.

दिवसभर कोटाच्या खिशातून हात न काढलेली माझी पत्नी त्या चिखलात गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही तळवे पाटीवर टेकवले. भाच्याने घड्याळ पाहिले. “मुमानी, बस निकल जायेगी.”

“जाने दे,” ती म्हणाली, “पुढची येईल.”