तिथीची पाऊणपट
(१९८२च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'कोकण किनाऱ्याची सहल कशी आखावी'. आखणीतल्या सगळ्या चुका मी स्वतः करून बसलो आहे, तेव्हा बोलायला माझ्याइतका लायक माणूस नाही, असं त्यांचं म्हणणं. सोबतच्या दोघांनी आपली नावं घ्यायची नाहीत अशी ताकीद दिली आहे. तेव्हा एक आपली डॉक्टरीणबाई आणि एक आपला अडतवाला, ज्याची गाडी होती. तुम्ही ओळखलंच असेल. चौथे आपले भूगोलाचे सर. ते समोर बसले आहेत, त्यामुळे मला आकडे जपून सांगावे लागतील.

आपली बार्शी म्हणजे दुष्काळी पट्टा. समुद्र एका रात्रीच्या एस.टी.वर. तरी सर फळ्यावर एका दमात महाराष्ट्राचा किनारा काढायचे आणि खाड्या उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणून घ्यायचे. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. क्रम चुकला की डस्टर. भरतीची वेळही त्यांनीच शिकवली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला सहा. त्यात सहा मिळवले की ओहोटी. थोडंफार इकडेतिकडे. हे गणित आपल्याला कुठे उपयोगी पडणार, असं तेव्हा वाटायचं.

गेल्या वर्षी दिवाळीत सरांना भेटायला गेलो होतो. वय ८३, हातात काठी, साखरेच्या गोळ्या सुरू. बोलता बोलता म्हणाले, "मी रत्नागिरी जिल्हा एकतीस वर्षं शिकवला. पाहिला मात्र नाही." महाबळेश्वरला त्यांनी सावित्रीचा उगम पाहिला होता, मुख नाही. मी त्याच रात्री पुण्याला घरी आलो आणि एक्सेलमध्ये तक्ता करायला बसलो. अलिबागपासून रेडीपर्यंत, सहा दिवसांत चौदा ठिकाणं, २६ जानेवारीच्या सुट्टीला धरून. प्रत्येक ठिकाणासमोर सूर्यास्ताची वेळ. मोठ्या अभिमानाने सरांना छापून पाठवला.

कागद परत आला तो लाल शाईने तपासून. तारखेवर फुली. बाजूला लिहिलेलं: 'वद्य द्वादशी. भरती ९ वाजता. संध्याकाळी पाणी चढते. मी चालू कुठे?'

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काठी घेऊन चालणाऱ्याला कोरडी, भुसभुशीत वाळू नको. ओहोटीनंतर उरते ती ओली, घट्ट वाळू हवी. म्हणजे संध्याकाळी पाणी उतरलेलं हवं. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, सव्वापाचला ओहोटी. पुढे रोज पाऊण तास उशीर, म्हणजे चतुर्थीपर्यंत सूर्यास्ताला पाणी खालीच किंवा उतरतं. आणि पौर्णिमेच्या आसपास ते सगळ्यात लांब जातं. म्हणून निघायचं पौष पौर्णिमेला, सोमवार, १३ जानेवारी. सुट्ट्यांची गर्दीही नाही.

चौदा ठिकाणांची त्यांनी चार केली. हरिहरेश्वर, दापोलीजवळचं मुरुड, गुहागर, मालगुंड. चार मुक्काम, मधे तीन खाड्या, आणि रत्नागिरीहून आंबा घाटाने परत. मी थोडा हिरमुसलो. विजयदुर्ग गेला, मालवण गेलं. पण कोकणातला किनाऱ्याचा रस्ता आपल्या सोलापूर रस्त्यासारखा नाही. तीस किलोमीटरला तास धरायचा, आणि माणूस ८३ वर्षांचा असेल तर दर तासाला थांबायचं. डॉक्टरीणबाईंनी नियमच घातला होता, पहिला दिवस सोडला तर दिवसात चार तासांच्या वर गाडीत बसायचं नाही.

राहण्याची जागा ठरवताना सगळे विचारतात, समुद्र दिसतो का? मी विचारत होतो, पायऱ्या किती? एका घरमालकांनी फोनवर सांगितलं, "दोनच हो." जाऊन बघतो तर रस्ता वर आणि घर खाली वाडीत. चिऱ्याच्या अकरा पायऱ्या उतरल्यावर त्या दोन! अडतवाल्याने सरांना खुर्चीत बसवलं आणि घरच्या मुलाच्या मदतीने ज्वारीचं पोतं उतरवावं तसं अलगद खाली नेलं. सर वाटेत जांभ्या दगडाची निर्मिती सांगत होते.

पहिल्या दिवशी ताम्हिणी उतरून माणगाववरून हरिहरेश्वर. तिथे डोंगराला वळसा घालणारी प्रदक्षिणेची वाट भरतीत पाण्याखाली जाते. लाटेने माणसं ओढून नेल्याचे प्रकार तिथे घडले आहेत, तेव्हा तुम्ही गेलात तर आधी तिथी बघा. सरांना त्या पायऱ्या झेपणाऱ्या नव्हत्या. आम्ही पुळणीवरच चाललो. मागे माडांवर चंद्र, पुढे बुडता सूर्य. सर दोन्हीकडे आळीपाळीने बघून म्हणाले, "पौर्णिमेची आकृती मी फळ्यावर काढायचो ती हीच. पृथ्वीच्या जागी मी उभा आहे."

दुसऱ्या दिवशी संक्रांत. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढवली. मधोमध गेल्यावर सर काठी टेकत गाडीबाहेर आले, कठड्याला धरून उभे राहिले. ही बाणकोटची खाडी, म्हणजे सावित्री. इथे ती संपते. त्यांनी वरच्या अंगाला पाहिलं, मग समुद्राकडे, आणि काही बोलले नाहीत. आम्ही तिघं उगाच तिळगूळ वाटत बसलो. पलीकडे वेशवीला उतरून केळशी, आंजर्ले, हर्णै करत मुरुडला.

आता चूक. तिसऱ्या दिवशी मला दाभोळची जुनी मशीद दाखवायची होती. ती पाहण्यात वेळ गेला, मग फेरीबोटीला रांग. पलीकडे धोपाव्याला उतरून जेवू, असं मी तक्त्यात लिहिलं होतं. समुद्राची वेळ तिथीवरून मिनिटात काढणारा मी, सरांच्या गोळीची आणि जेवणाची वेळ तक्त्यात कुठेच नव्हती. अडीच वाजले. सरांचा हात थरथरायला लागला, अंगाला दरदरून घाम. मी विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर दिलं. मला वाटलं, ऊन लागलं. डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत ओळखलं, साखर उतरली आहे. आदल्या दिवशीचा तिळगुळाचा डबा पायाशीच होता. एक लाडू फोडून त्यांनी सरांच्या तोंडात घातला, वर साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी सर म्हणाले, "वाशिष्ठी ना ही?"

ती पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. सरांच्या मुलीने निघताना मला एवढंच सांगितलं होतं, "दादा, जसे नेताय तसे परत आणा." गुहागरला पोचल्यावर मी सहल इथेच आटोपू म्हणालो. चिपळूणमार्गे थेट घरी. डॉक्टरीणबाईंचं मत, विश्रांती घेऊन पुढे जायला हरकत नाही. सरांनी माझ्या हातातून तक्ता घेतला, प्रत्येक दिवसापुढे '११ खाणे, १ जेवण' असं लिहिलं आणि परत दिला. मग मुलीला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना द्या फोन." दोघांचं काय बोलणं झालं ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तवसाळहून आम्ही जयगडला बोटीने उतरलो. शास्त्री नदी. तिसरी खाडी.

मालगुंड म्हणजे केशवसुतांचं जन्मगाव, आणि लगतच गणपतीपुळे. आता १९८१ची ती सहल आठवा. आपली शाळेची सहल गणपतीपुळ्याला जाणार होती, माणशी ४५ रुपये. एस.टी. भरायला चाळीस मुलं हवी होती, तेवढी झाली नाहीत, आणि सहल रद्द झाली. तेव्हा मी सरांना सांगितलं होतं की आई आजारी आहे, येता येणार नाही. आई ठणठणीत होती. ४५ रुपये नव्हते. आपल्यासारख्यांमुळे सगळ्यांची सहल गेली, हे मी चव्वेचाळीस वर्षं मनात ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी पाणी उतरत होतं. सर माझ्या दंडाला धरून चालत होते. मी सांगून टाकलं.

सर म्हणाले, "तुझे वडील मला आधीच भेटून गेले होते. त्या आठवड्यात वर्गातल्या सतरा जणांच्या आया आजारी होत्या." मग काठीने ओल्या वाळूत टोचून बघत विचारलं, "आज तृतीया. पूर्ण ओहोटी कधी?"

तीन पाऊणे सव्वादोन, आणि सहा. मी म्हणालो, "सव्वाआठ, सर."

"बरोबर."

दुसऱ्या दिवशी संकष्टी निघाली. हे मात्र आम्हा चौघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं! देवळाला ही मोठी रांग. सरांनी बाहेरूनच हात जोडले. आरे-वारेच्या वळणावर थांबून एक शेवटचा फोटो काढला, तो या स्मरणिकेत तुम्हाला पाहायला मिळेल. सर त्यात हसत नाहीत, कारण ते मला गाडी वळणावर लावल्याबद्दल रागावत आहेत.

उरलेला अर्धा किनारा, विजयदुर्ग ते रेडी, अजून बाकी आहे. पुढची पौष पौर्णिमा ३ जानेवारीला. तक्ता तपासून आला आहे. गाडीत एक जागा रिकामी आहे, ज्याला यायचं असेल त्याने जेवणाच्या सुट्टीत अडतवाल्याला गाठावं. पायऱ्या या वेळी मी स्वतः जाऊन मोजून आलो. विजयदुर्गच्या घराला तीन, मालवणच्या घराला एकही नाही.